सामाईक अंगणांचं शहर

शेफिल्डमध्ये साठी ओलांडलेल्या कुणालाही ‘होल इन द रोड’बद्दल विचारा, बोलणं आधी माशांवर येईल. शहराच्या मध्यभागी, कॅसल स्क्वेअरमध्ये, १९६७ साली वाहनांसाठी मोठा गोल चौक बांधला आणि त्याच्या पोटात पादचाऱ्यांसाठी भुयारी वाटा काढल्या. मधोमध छत नव्हतं, मान वर केली की आभाळ दिसे. भुयारातून थेट मोठ्या दुकानांत शिरता यायचं आणि एका भिंतीत काचेमागे माशांची टाकी होती. बस चुकली, पावसाने गाठलं, मैत्रिणीला उशीर झाला, की माणसं त्या टाकीसमोर उभी राहायची. शेवटी शेवटी तिथले दिवे फुटले, कोपऱ्यांना वास येऊ लागला, रात्री एकटीदुकटी बाई तिथून जायला धजेना. १९९४ साली नव्या ट्रामसाठी तो खड्डा बुजवण्यात आला. तरी आज शहरातली म्हातारी माणसं एकत्र जमली की त्या टाकीची आठवण निघते आणि ज्याने ती पाहिलेली नाही त्याला तिचं वर्णन करून सांगितलं जातं.

एका भुयारातल्या माशांनी एवढं मनात घर का करावं? इंग्लंडच्या या पोलादी शहरातल्या रोजच्या जगण्याच्या आठवणी जसजशा गोळा करत जावं तसं एक सूत्र स्पष्ट होत जातं. लोक ज्या गोष्टी जीव लावून आठवतात त्या बहुतेक सगळ्या सामाईक होत्या. अंगण, नळ, बाजार, स्वस्त बस, वाट पाहायचा नाका, डोंगरावरची पायवाट. कष्टकऱ्यांच्या घरात एकट्याच्या मालकीचं असं फारसं काही नव्हतंच. म्हणून या आठवणी म्हणजे निव्वळ उतारवयातला हळवेपणा, असं मला वाटत नाही. शहर कशावर उभं होतं याची माहिती त्यांत आहे आणि ती कारखान्यांच्या दप्तरांत सापडत नाही.

शेफिल्ड साउथ यॉर्कशायरमध्ये, लंडनहून रेल्वेने साधारण दोन तासांवर. डॉन, शीफ, पोर्टर, लॉक्सली आणि रिव्हलिन अशा पाच नद्या इथे डोंगरांवरून उतरतात. शीफवरूनच गावाला नाव मिळालं. उतार जोराचा, त्यामुळे पाणचक्क्या चालवायला सोयीचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस या नद्यांवर शंभराहून अधिक ठिकाणी चाकं फिरत होती आणि त्यांतली बरीचशी धार लावण्याचे दगड फिरवत होती. दगडही आसपासच्याच डोंगरांतला, भरड वालुकाश्म. सुऱ्यांसाठी हे गाव इतकं जुनं प्रसिद्ध, की चौदाव्या शतकातल्या चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफिल्डचा सुरा खोचून ठेवला आहे. १६२४ साली सुरे-कात्र्या बनवणाऱ्यांचा संघ कायद्याने स्थापन झाला. १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीला स्प्रिंगसाठी एकजिनसी पोलाद हवं होतं. त्याने मातीच्या मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि पुढची शंभर वर्षं उत्तम पोलाद म्हणजे शेफिल्डचं पोलाद असं समीकरण झालं.

ही मूस कशी बनत असे ते सांगायलाच हवं. मूस बनवणारा कारागीर ओली माती जमिनीवर पसरून अनवाणी पायांनी तासन्‌तास तुडवत असे. मातीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी भट्टीत मूस तडकायची, आणि माती पुरती मळली गेली का हे पायाच्या तळव्याला जसं कळतं तसं दुसऱ्या कशाला कळत नसे. तयार झालेली मूस जेमतेम तीनदा वापरता येई. भट्टीतून पांढरी झालेली मूस चिमट्याने वर ओढणारा माणूस पायांना ओली पोती गुंडाळून उभा राहायचा. शहराच्या नैऋत्येला ॲबेडेल इथे अशी एक भट्टी आणि तिच्याभोवतीची कामगार वस्ती जपून ठेवलेली आहे.

मोठे कारखाने पूर्वेला, डॉनच्या काठी उभे राहिले. पण सुऱ्या, चमचे, काटे, कात्र्या यांचं काम बराच काळ शहराच्या मध्यातल्या वाड्यांमधूनच चालत होतं. तिथल्या स्वतंत्र कारागिरांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. एका अंगणाभोवती लहान लहान खोल्या, प्रत्येक खोलीत एक मेस्टर, हाताशी एखादा उमेदवार मुलगा. एक पातं ठोकायचा, दुसरा त्याला धार लावायचा, तिसरा मूठ बसवायचा. एक चाकू पुरा होईपर्यंत अंगणातून, बोळातून, कधी दोन गल्ल्या ओलांडून हातोहात फिरायचा. मुठींसाठी हस्तिदंत, शिंपला आणि शिंग लागे. त्यातलं सांबरशिंग मोठ्या प्रमाणावर भारतातल्या जंगलांतून जात असे. सोमवारी काम न करण्याची रीत अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळली. बुधवारी अर्धी सुट्टी असे. त्या अर्ध्या दिवशी क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींनी १८२० साली काढलेल्या क्लबचं नाव पडलं ‘वेन्सडे’. त्यातूनच १८६७ मध्ये फुटबॉलचा संघ निघाला. शेफिल्ड वेन्सडे हे नाव आजही कारागिरांच्या त्या बुधवारची आठवण बाळगून आहे.

धार लावणाऱ्याची कथा मात्र दुःखाची आहे. फिरत्या दगडामागे घोड्यावर बसावं तसं पाय दोन्ही बाजूंना टाकून तो बसे आणि पुढे वाकून पातं दगडाला लावे. काटे घासण्याचं काम कोरड्या दगडावर चाले, त्यामुळे दगडाची आणि लोखंडाची धूळ सरळ छातीत जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर असे कितीतरी कारागीर चाळिशीही न पाहता मेले. धूळ ओढून घेणारे पंखे ठाऊक होते, तरी ते सगळीकडे बसवले गेले नाहीत. जुन्या शेफिल्डबद्दल प्रेमाने लिहिताना हे वगळणं म्हणजे त्या माणसांवर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

आणि मग झिलई देणाऱ्या मुली. त्यांना ‘बफर गर्ल्स’ म्हणत. शेफिल्डच्या आठवणींतलं हे सर्वांत जिवंत पान आहे असं माझं मत आहे. चमचे-काटे यंत्रातून निघतात तेव्हा ते काळपट आणि खडबडीत असतात. वाळू आणि तेल यांचं मिश्रण लावून, वेगाने फिरणाऱ्या चामड्याच्या चाकावर ते धरायचे, म्हणजे चकाकी येते. हे काम बायकांचं. अंगात पांढरा सुती डगला, त्यावर दोरीने बांधलेला तपकिरी कागदाचा एप्रन, डोक्याला लाल रुमाल, पायांना वर्तमानपत्रांची गुंडाळी. चाकावरून उडणाऱ्या काळ्या चिखलाने सकाळी दहालाच चेहरा ओळखू येईनासा होई. सगळ्यांत लहान मुलगी ‘एरंड लास’, म्हणजे वरकामाची पोर. ती सगळ्यांचे डबे गरम करून आणायची, दुकानातून सामान आणायची, चहा करायची, कागदी एप्रन कापून ठेवायची. वर्षा-दोन वर्षांनी तिला चाकावर हात बसवायला मिळे. चाकांच्या घरघरीवर आवाज चढवून या मुली दिवसभर गात. बोलणं फटकळ, हसणं मोठं, आणि शनिवारी संध्याकाळी नटूनथटून बाहेर पडल्या की याच त्या, हे कुणाला खरं वाटू नये. सभ्य घरांतून त्यांना नावं ठेवली जात. पण आठवड्याचा पगार त्यांच्या स्वतःच्या हातात पडत होता आणि त्याचा ताठा त्यांच्या चालण्यात होता. १९१९ मध्ये विल्यम रोथेन्स्टाइन या चित्रकाराने त्यांना समोर उभं करून चित्र काढलं. शेफिल्डच्या चित्रसंग्रहातलं ते चित्र जरूर पाहावं. त्यातल्या मुलींची नजर खाली नाही.

आता घराकडे येऊ. विटांच्या एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगा, दर तीन-चार घरांमागे आत जाणारा एक अरुंद बोळ, बोळाच्या टोकाला सामाईक अंगण, आणि अंगणाच्या पलीकडल्या भिंतीला टेकून संडास. हिवाळ्यात रात्री कंदील घेऊन तिथे जायचं. टांगलेला कंदील पाइपातलं पाणी गोठू नये म्हणूनही उपयोगी पडे. गिरणगावातल्या चाळीत गॅलरी जे काम करायची तेच काम इथे अंगण करायचं. तिथे मुलं खेळली, भांडणं झाली, बाळंतिणीला शेजारणीने सूप आणून दिलं, आणि कुणाच्या घरी कामावरून आलेल्या माणसाने काल काय आरडाओरडा केला हे सगळ्यांना ठाऊक झालं. आठवणी सांगणारे ‘दारं कधी लावलीच नाहीत’ असं म्हणतात. खरं आहे. पण दार लावून आत ठेवावं असं फारसं काही नव्हतं आणि लावलं तरी भिंती पातळ होत्या, हेही तितकंच खरं.

खोलीत काळी लोखंडी चूल असे. एका बाजूला भट्टी, दुसऱ्या बाजूला पाणी तापवायची टाकी, मधे कोळसा. आठवड्यातून एकदा तिला काळी पॉलिश लावून आरशासारखी घासायची, कारण घरात येणाऱ्याची नजर आधी तिच्यावर जाई. सोमवार धुण्याचा. पहाटे तांब्याच्या हंड्याखाली जाळ घालायचा, कपडे उकळायचे, पिंपात घालून लाकडी दांड्याने कुटायचे, दोन रुळांच्या यंत्रातून पिळायचे आणि अंगणात आडव्या दोऱ्या बांधून वाळत टाकायचे. त्या दिवशी जेवणाला रविवारच्या मांसातले उरलेले थंड काप, कारण चुलीवर दुसरं काही चढवायला जागाच नसे. शुक्रवारी पत्र्याचा टब चुलीसमोर यायचा आणि एकाच पाण्यात घरातली सगळी मुलं एकामागून एक अंघोळ करायची. या सगळ्या आठवणींत पाणी, जाळ आणि आईचे हात आहेत. बायकांनी बिनपगारी केलेलं हे काम मोजलं, तर शेफिल्डच्या पोलादाचा खरा खर्च कितीतरी जास्त निघेल.

धुतलेले कपडे स्वच्छ राहतील याची खात्री मात्र नसायची. वारा बहुतेक पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे धूर पूर्वेला, ॲटरक्लिफ, ब्राइटसाइड, टिन्सली या कामगार वस्त्यांवर बसे, आणि पैसेवाले पश्चिमेच्या उतारांवर राहत. अंगणात चादरी टाकल्या आणि काजळीचे कण पडू लागले की बायका एकमेकींना हाका मारत धावत सुटायच्या. १९३६ साली जॉर्ज ऑर्वेल इथे आला. त्याने एका रस्त्यात थांबून दिसतील तेवढी धुराडी मोजली तर ३३ भरली आणि धूर नसता तर आणखी दिसली असती. शहराच्या कुरूपतेबद्दल त्याने फार कडक लिहिलं. तो काही दिवसांचा पाहुणा होता. रात्री भट्टी फोडली की सगळं आभाळ तांबडं व्हायचं, घणाच्या ठोक्यांनी कपाटातल्या बश्या किणकिणायच्या, आणि सुट्टीच्या आठवड्यात घण बंद पडले की शांततेने झोप उडायची, हे तिथे वाढलेल्यांचं सांगणं त्याच्या पुस्तकात नाही. दोन्ही साक्षी खऱ्या धराव्यात.

डिसेंबर १९४० मध्ये, १२ आणि १५ तारखेच्या रात्री, जर्मन विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले. साडेसहाशेहून अधिक माणसं गेली. फिट्झॲलन स्क्वेअरमधल्या मार्पल्स हॉटेलच्या तळघरात आसरा घेतलेली सत्तरेक माणसं एकाच बॉम्बने गाडली गेली. त्या वेळी पोलाद कारखान्यांतली पुरुषांची जागा बायकांनी घेतली होती. क्रेन चालवणं, भट्ट्यांवर राबणं, तोफगोळ्यांचं काम, सगळं त्यांनी केलं. युद्ध संपताच त्यांना घरी पाठवलं गेलं. त्यांच्याकडे पुन्हा येऊ.

खाण्याच्या आठवणी या शहरात एका बाटलीभोवती फिरतात. नारिंगी लेबलची हेंडरसन्स रेलिश. १८८५ मध्ये हेन्री हेंडरसन या दुकानदाराने हा काळा, आंबट-तिखट रस बनवायला सुरुवात केली. तो मांस-बटाट्याच्या पायवर, चिप्सवर, सूपमध्ये, कशावरही शिंपडतात. इंग्लंडच्या इतर भागांत वूस्टर सॉस चालतो, पण त्यात मासळी असते, यात नसते. शेफिल्ड सोडून गेलेली माणसं घरून येणाऱ्याला ती बाटली आणायला सांगतात. माशाची वडीही इथली वेगळी. बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये मासा घालून, पिठात बुडवून तळलेली. रंगीबेरंगी ज्येष्ठमधाच्या गोळ्या, बॅसेट्सच्या लिकरिश ऑलसॉर्ट्स, याही इथल्याच. १८९९ साली विक्रेत्याच्या हातून नमुन्यांचा ट्रे सांडला, गोळ्या एकमेकींत मिसळल्या, आणि गिऱ्हाइकाला ती मिसळच आवडली, अशी त्यांची जन्मकथा सांगतात.

हे सगळं घ्यायचं बाजारात. शीफच्या काठचा उघडा बाजार ‘रॅग अँड टॅग’ म्हणून ओळखला जाई. तिथले काचसामान विकणारे अख्खा डिनर सेट पसरून हवेत उडवायचे आणि एकही बशी न फोडता झेलायचे. विकत घेणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त असत आणि विकणाऱ्यालाही ते चालत असे. तो बाजार १९७३ मध्ये बंद झाला. साठच्या दशकात बांधलेला कॅसल मार्केट त्यानंतर चाळीस वर्षं चालला आणि २०१३ मध्ये तोही गेला. त्याच्या खाली मध्ययुगीन किल्ल्याचे अवशेष आहेत. किराणा को-ऑपच्या दुकानातून. तिथे प्रत्येक सभासदाला क्रमांक असे, केलेल्या खरेदीवर लाभांश मिळे, आणि वाणसामान आणायला गेलेल्या मुलाने आईचा क्रमांक बिनचूक सांगायचा असे. स्वतःचा फोन नंबर विसरणाऱ्या आज्या-आजोबांना तो क्रमांक अजून तोंडपाठ असतो. दुकान सभासदांच्या मालकीचं होतं, म्हणजे तेही सामाईकच.

कुणाला भेटायचं तर ‘कोल्स कॉर्नर’ला. फारगेट आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावर कोल ब्रदर्सचं मोठं दुकान होतं. त्याच्या छताखाली तरुण मुलंमुली एकमेकांची वाट पाहत उभी राहत. दुकान १९६३ मध्ये दुसरीकडे हललं, पुढे इमारतही पाडली, तरी कोपऱ्याचं नाव टिकलं. शहराचा गायक रिचर्ड हॉली याने २००५ मध्ये आपल्या अल्बमला हेच नाव दिलं. त्या कोपऱ्यावर उभं राहायला काही विकत घ्यावं लागत नव्हतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बसचंही तसंच. १९७५ ते १९८६ या काळात साउथ यॉर्कशायरच्या काउंटी कौन्सिलने बसभाडं वाढवलंच नाही. महागाई धावत होती आणि तिकीट जिथल्या तिथे होतं. मुलांना दोन पेन्समध्ये कुठेही जाता येई. उरलेला खर्च करातून भागवला जाई. त्या काळात वाढलेल्या पिढीला विचारा. शनिवारी खिशात थोडी चिल्लर घेऊन शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, बाजारात, पोहायला, आजीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, आईबापांना न विचारता जाणं हे त्यांचं बालपण आहे. म्हाताऱ्यांना रोज घराबाहेर पडायला कारण मिळत होतं. लंडनमधल्या सरकारला ही पद्धत मान्य नव्हती. १९८६ च्या वसंतात काउंटी कौन्सिलच बरखास्त झालं आणि भाडं एका झटक्यात कित्येक पट वाढलं. त्यानंतर बसमधली गर्दी ओसरत गेली. माझ्या मते शेफिल्डने जगाला दिलेल्या गोष्टींत स्टेनलेस स्टीलच्या शेजारी हे दोन पेन्सचं तिकीट ठेवायला हवं.

स्टेनलेस स्टीलचं नाव निघालंच आहे तर हॅरी ब्रिअर्ली याचं ऋण मानायला हवं. पोलाद वितळवणाऱ्या मजुराचा हा मुलगा बाराव्या वर्षी शाळा सोडून वडिलांच्याच कारखान्यात लागला. १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना त्याला न गंजणारं पोलाद हाती लागलं. त्याचा उपयोग जेवणाच्या सुऱ्यांसाठी होईल हे त्यानेच ओळखलं. त्याआधी प्रत्येक जेवणानंतर सुऱ्या भुकटीने घासून, पुसून, कोरड्या ठेवाव्या लागत. ते काम घराघरांतून कायमचं गेलं.

१९५६ च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर शहराने एकेक भाग धूरमुक्त केला आणि सत्तरचं दशक उजाडेपर्यंत शेफिल्ड आपल्या स्वच्छ हवेचा अभिमान मिरवू लागलं. जुनी घरंही पाडली जात होती. रेल्वे स्टेशनमागच्या टेकडीवर १९२० च्या दशकात टोळ्यांच्या मारामाऱ्यांमुळे ‘लिटल शिकागो’ म्हटली जाणारी वस्ती होती. ती हटवून १९६१ मध्ये पार्क हिल उभं राहिलं. जॅक लिन आणि आयव्हर स्मिथ या दोन तरुण वास्तुविशारदांनी एक प्रश्न मनापासून घेतला होता. माणसांना उंच इमारतीत नेलं तर त्यांच्या अंगणाचं काय करायचं? त्यांनी जवळजवळ हजार घरं बांधली आणि घरांपुढून सुमारे तीन मीटर रुंदीच्या गॅलऱ्या नेल्या. या वरच्या रस्त्यांवरून दूधवाल्याची विजेवर चालणारी गाडी दारापर्यंत यायची. टेकडी उतरती आणि छप्पर सपाट. म्हणून एका टोकाला चार मजले आणि दुसऱ्या टोकाला तेरा. शेजाऱ्यांना शक्यतो शेजारीच ठेवलं, आणि पाडलेल्या रस्त्यांची नावं गॅलऱ्यांना दिली. घरात गरम पाणी, आत संडास, न्हाणीघर. पहिल्या दिवशी टबात बसून रडलेल्या आया आठवणारे लोक आहेत.

पुढे देखभाल थांबली, कामं गेली, इमारत बदनाम झाली. १९९८ मध्ये तिला वारसा वास्तूचा दर्जा मिळाला आणि आता नूतनीकरणानंतर तिच्यातली बरीच घरं खुल्या बाजारात विकली गेली आहेत. इमारत वाचली याचा आनंद आहे. पण ज्यांच्यासाठी ती बांधली त्यांच्यापैकी पुष्कळांना परत येता आलं नाही, ही खंत त्या आनंदाबरोबरच नोंदवायला हवी.

कारखान्यातून सुटलेल्या माणसाला डोंगर जवळ होता, हे या शहराचं मोठं भाग्य. १९०० साली इथे कामगारांचा ‘क्लॅरिअन रॅम्बलर्स’ हा पायी भटकणाऱ्यांचा संघ निघाला. तेव्हा माळरानं जमीनदारांच्या शिकारीसाठी राखलेली असत आणि पहारेकरी लोकांना हुसकून लावत. वर्षानुवर्षं भांडून, हद्दी मोडून वाटा मोकळ्या करून घेतल्या गेल्या. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं आणि शेफिल्डच्या हद्दीचा साधारण एक तृतीयांश भाग त्यात मोडतो. वायव्येच्या डोंगराळ गावांत, डंगवर्थ, वॉरल, स्टॅनिंग्टन इथे, नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत दर रविवारी पबमध्ये नाताळची गाणी म्हणतात. एकोणिसाव्या शतकात चर्चने जुन्या चाली बाजूला सारल्या, त्या गावकऱ्यांनी पबमध्ये जपल्या. एकाच गाण्याच्या कितीतरी चाली, आणि प्रत्येक गावाची आपली वेगळी. हे मात्र आठवणीतलं नाही, दर हिवाळ्यात चालू आहे.

पन्नासच्या दशकात या भट्ट्यांवर नवी माणसं आली. येमेनहून, मीरपूरकडच्या काश्मीरमधून, कॅरिबियन बेटांवरून. रात्रपाळी आणि सर्वांत उष्ण, सर्वांत गोंगाटाचं काम बहुतेक त्यांच्याकडे. ॲटरक्लिफच्या एकेका खोलीत दिवसपाळी आणि रात्रपाळीचे लोक आळीपाळीने एकाच पलंगावर झोपत. शेफिल्डच्या आठवणींच्या पुस्तकांत त्यांना फार उशिरा जागा मिळाली.

१९८० च्या सुरुवातीला पोलाद कामगारांचा तीन महिने संप झाला आणि पुढच्या थोड्या वर्षांत पूर्वेकडची धुराडी एकामागून एक थंड झाली. हॅडफील्ड्सचा प्रसिद्ध कारखाना १९८३ मध्ये बंद पडला. त्याच जागी १९९० मध्ये मेडोहॉल नावाचा प्रचंड मॉल उघडला. बेकार पोलाद कामगारांवरचा ‘द फुल मॉन्टी’ हा चित्रपट १९९७ मध्ये आला, तोवर त्यातलं दुःख पंधरा वर्षं जुनं झालं होतं. पोलादाचा उद्योग पुरता संपला नाही. स्टॉक्सब्रिजचा कारखाना, जिथे १८५२ साली सॅम्युएल फॉक्सने छत्रीच्या पोलादी काड्या बनवायला घेतल्या होत्या, तो २००७ मध्ये थेट मुंबईच्या टाटा स्टीलच्या ताब्यात आला आणि दहा वर्षांनी दुसऱ्या उद्योगाकडे गेला. आता थोडी माणसं आणि मोठी यंत्रं उंची दर्जाचं पोलाद काढतात. अंगणातून हातोहात फिरणारा चाकू करणारे मेस्टर मोजकेच उरले आहेत.

आणि त्या बायका? युद्धात पोलाद ओतणाऱ्या आणि मग घरी पाठवलेल्या? त्यांच्यापैकी चौघींनी २००९ मध्ये, नव्वदीच्या आसपास पोचल्या असताना, आपल्या कामाची दखल घ्या म्हणून आवाज उठवला. शहराने वर्गणी जमवली. जून २०१६ मध्ये सिटी हॉलसमोर बार्कर्स पूल इथे मार्टिन जेनिंग्ज या शिल्पकाराने केलेला ब्राँझचा पुतळा उभा राहिला. कामाच्या कपड्यांत, हातात हात घालून चालणाऱ्या दोघीजणी. सत्तर वर्षांनी का होईना, पण तो लोकांच्या पैशातून झाला.

इंग्लंडमध्ये शिकायला, नोकरीला, मुलाबाळांकडे जाणारी मराठी माणसं आता पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच सुचवतो. एक दिवस शेफिल्डसाठी काढा आणि केलहॅम आयलंडच्या संग्रहालयात जा. तिथे १९०५ साली बांधलेलं ‘रिव्हर डॉन’ इंजिन आहे, बारा हजार अश्वशक्तीचं. युद्धनौकांचे चिलखती पत्रे लाटायला ते बनवलं आणि १९७८ पर्यंत ते कामावर होतं. ठरलेल्या वेळी ते अजून वाफेवर चालवून दाखवतात, तेव्हा जाण्याआधी वेळा पाहून घ्या. त्याच आवारात लिटल मेस्टरांच्या खोल्याही आहेत.